दिव्यांगांच्या घोडेस्वारी गटात मदतीला जायचंय, पण घोड्याची काहीच माहिती नाही: काय शिकावं लागेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात दिव्यांग मुलांना आणि मोठ्यांना घोड्यावर बसवणारा एक गट रविवारी सकाळी जमतो. तिथे स्वयंसेवक म्हणून जायची इच्छा आहे. घोड्याशी संबंध म्हणाल तर लहानपणी चौपाटीवर मारलेली एक फेरी. अशा माणसाचा तिथे उपयोग होईल का, काय काम असतं आणि चुकलं तर काय होतं?

उपयोग नक्की होईल. स्वतःला घोड्यावर बसता येण्याची गरज नाही. अर्धा तास मातीत सलग चालता आलं पाहिजे, एक हात खांद्याच्या उंचीला धरून ठेवता आला पाहिजे आणि सांगितलेलं तसंच्या तसं करायची तयारी पाहिजे. कंबर किंवा खांदा दुखत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. खरारा करणं (घोड्याचं अंग ब्रशने घासणं), हेल्मेट बसवणं, नोंदवही ठेवणं, रॅम्पजवळ उभं राहणं अशी कामंही तितकीच लागतात. जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. पागेत खिळे, नाल आणि लीद यांच्याशी रोजचा संबंध येतो.

आधी हे सगळं कशासाठी चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचनांमागचं कारण कळेल. घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा वर बसलेल्या माणसाची कंबर पुढे-मागे हलते, डावी-उजवीकडे झुकते आणि किंचित फिरतेही. आपण पायांनी चालताना कंबर जशी हलते, तिच्याशी ही हालचाल बरीच जुळते. चालीत घोडा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. म्हणजे २० मिनिटांत दोन हजारांहून जास्त वेळा स्वाराच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू तोल सावरतात. जे मूल कधी स्वतःच्या पायावर चाललेलं नाही, त्याच्या कमरेला चालण्याची लय अशी मिळते. घोड्यामुळे सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) बरी होत नाही आणि ऑटिझमही जात नाही. असं कुणी पालकांना सांगत असेल तर तो गट टाळा. धड सावरणं, मान धरणं, आखडलेल्या मांड्या सैल होणं, थांबायला-चालायला सांगण्याचा आत्मविश्वास येणं, हे मिळतं आणि तेवढंही पुष्कळ आहे.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओमुळे गुडघ्याखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढायला-उतरायलाही त्यांना मदत लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेत, रौप्यपदक मिळवलं आणि १९५६ मध्ये पुन्हा एकदा. त्यानंतर युरोपात दिव्यांगांच्या घोडेस्वारीला जोर आला, १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये त्यासाठीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि १९९६ पासून पॅरालिंपिकमध्येही ड्रेसाज आहे. रविवारच्या गटात बहुतेकांना पदकाचं काही नसतं. पण वर बसलेला माणूस स्वार आहे, त्याला फेरी मारून आणायची नाही, ही समज तिथूनच येते.

एका स्वाराभोवती बहुधा तीन माणसं लागतात: घोडा धरून चालणारा लीडर आणि दोन्ही बाजूंनी चालणारे दोन साइड वॉकर. मैदानाच्या मध्यभागी प्रशिक्षक असतो. शक्यतो एक फिजिओथेरपिस्टही असावा. एका वेळी चार स्वार म्हटले की बारा जण झाले.

साइड वॉकर

नव्या माणसाला बहुतेक वेळा हेच काम मिळतं आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. तुमची जागा स्वाराच्या गुडघ्याशी. त्याच्या पुढे नाही, मागेही नाही. घोड्याकडचा तुमचा हात स्वाराच्या मांडीवरून आडवा जातो आणि बोटं खोगिराचा पुढचा भाग किंवा घोड्याच्या अंगाभोवती बांधलेल्या पट्ट्याची मूठ धरतात. हाताचं वजन मांडीवर टाकायचं नाही, नुसता स्थिर, सारखा दाब ठेवायचा. कोपर मांडीत रुतलं तर आखडलेल्या स्नायूंना झटका बसतो. दुसरा हात मोकळा ठेवायचा, खिशात नाही. ज्याला एवढ्या आधाराची गरज नाही त्याचा फक्त घोटा हलका धरायचा. त्याहून पक्क्या स्वाराला हातच लावायचा नाही, नुसतं शेजारून चालायचं.

स्वाराच्या कमरेभोवती हात टाकून चालायचं नाही. ही चूक मायेपोटी होते. घोडा अचानक बाजूला सरकला तर तुम्ही जागेवर राहता, घोडा पुढे जातो आणि स्वार तुमच्याच हाताने खाली ओढला जातो. मांडीवरून खोगीर धरलेलं असलं की घोडा सरकताना तुम्हीही त्याच्याबरोबर खेचले जाता आणि स्वार जागेवर राहतो. घोड्याला रेलून चालणंही असंच घातक. एका बाजूला वजन पडलं की खोगीर तिकडे सरकतं आणि मग स्वार वाकडा बसलाय असं वाटायला लागतं.

स्वार खरंच एका बाजूला कलला तर त्याला वर ढकलू नका. ज्या बाजूला तो कललाय त्या बाजूच्याने हात तयार ठेवायचा आणि प्रशिक्षकाला सांगायचं. बऱ्याचदा एक-दोन पावलं थांबलं तर स्वार स्वतःच सरळ होतो, आणि त्या क्षणासाठीच तर तो आलेला असतो. विहिरीत पोहायला शिकवणारा पोराच्या पोटाखाली हात ठेवतो, पण पोराने हातपाय मारले की तो हात बोटभर खाली नेतो. इथेही तेच. आधार किती द्यायचा यापेक्षा तो कधी कमी करायचा, हे ज्याला कळलं तो चांगला साइड वॉकर. माझ्या मते वर्षभराच्या अनुभवाचा फरक फक्त इथे दिसतो.

हात भरून येतो. दहा-पंधरा मिनिटांनी येणारच, त्यात लाजायचं काही नाही. पण सोडायचा कधी, याचा नियम पक्का आहे. प्रशिक्षकाला सांगा, घोडा मैदानाच्या मध्ये उभा करा, मग एका बाजूचा बदला आणि त्याने धरल्यावरच दुसऱ्या बाजूचा. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही मोकळ्या होता कामा नयेत.

बोलण्याबद्दल. सूचना प्रशिक्षक देतो. ती स्वाराला कळली नाही तर दोघांपैकी एकानेच, आधी ठरवलेल्याने, पुन्हा सांगायची. दोन्हीकडून "हात वर कर, वर बघ, शाब्बास, अजून वर" असा मारा झाला की डोक्यात नुसता गोंधळ होतो. सूचना दिल्यावर मनात दहा आकडे मोजा. काही स्वारांना ऐकलेलं हातापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतोच. चौथ्या आकड्याला तुम्ही त्याचा हात धरून वर केलात की त्याची पाळी गेली. साइड वॉकरने एकमेकांशी स्वाराच्या डोक्यावरून रंकाळ्याच्या पाण्यापासून निवडणुकीपर्यंत गप्पा मारणं तर अजिबात नको. आणि तीस वर्षांच्या माणसाला 'बाळा', 'पिल्लू' म्हणू नका. व्हीलचेअरवर बसलेल्या अनोळखी माणसाशी तुम्ही बँकेत जसं बोलाल तसं इथेही 'तुम्ही' म्हणूनच बोला. 'बिचारा' हा शब्द मैदानाबाहेर ठेवून या.

मांडीवर हात ठेवणं हा स्पर्श आहे, हे विसरू नका. प्रत्येक वेळी आधी सांगा: "मी आता तुमच्या मांडीवरून हात टाकून खोगीर धरणार आहे, चालेल ना?" बोलू न शकणाऱ्या स्वारालाही सांगायचं. मुली आणि बायका स्वार असतील तर दोन्हीकडे बायकाच असाव्यात, निदान त्यांना निवडता यावं. कुठल्याही स्वाराबरोबर, विशेषतः मुलांबरोबर, एकट्याने आडोशाला जायचं नाही. फोटो पालकांच्या किंवा स्वाराच्या लेखी परवानगीशिवाय काढू नका, गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायलाही नाही.

लीडर

लीडरकडे घोडा, फक्त घोडा. स्वार कितीही गोड हसला तरी वळून बघायचं नाही, कारण लीडर मागे वळला की घोडा थांबतो किंवा वळतो. डाव्या बाजूला, घोड्याचं डोकं आणि खांदा यांच्या मधे चाला. दोरी उजव्या हातात, मोहरकीच्या (घोड्याच्या तोंडावर बांधलेल्या पट्ट्याच्या) कडीपासून वीतभर खाली धरा. उरलेली दोरी डाव्या हातात घड्या घालून. हाताला किंवा मनगटाला वेढे कधीच नाहीत. घोडा उधळला आणि वेढा आवळला तर बोटं जातात, माणूस फरफटतो.

चाल एकसारखी हवी. घोडा रेंगाळला की त्याची पावलं आखूड होतात आणि वरच्या माणसाच्या कमरेला फारसं काही मिळत नाही. फार पुढे रेटला तर ज्याची मान कच्ची आहे त्याचं डोकं हिसकत राहतं. थांबताना तीन-चार पावलांत वेग कमी करत आणा. एकदम थांबलात तर घोडा थांबतो, पण स्वाराचं धड पुढेच जातं. निघतानाही आधी सगळ्यांना सांगा. स्वाराला 'चल' म्हणता येत असेल तर त्याने म्हणेपर्यंत थांबा. शब्द नसेल तर मानेवर थाप, लगामाला हलका हिसका, जे त्याचं ठरलेलं असेल ते. घोडा स्वाराच्या सांगण्यावरून निघाला, हे स्वाराला जाणवलं पाहिजे.

वळण मोठं घ्या. सहा-सात मीटरपेक्षा लहान गोलात घोडा आत झुकतो आणि आतल्या साइड वॉकरचा पाय खुराखाली यायला वेळ लागत नाही. लीडरने शक्य तिथे घोडा स्वतःपासून दूर, म्हणजे उजवीकडे वळवावा. उभं राहायचं तेव्हा घोड्याच्या तोंडासमोर पण थोडं तिरकं. घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. या दोन जागा सोडून द्या. मागून जायचंच असेल तर एक हात त्याच्या ढुंगणावर ठेवून, बोलत, अगदी लगटून जा, नाहीतर चांगली तीन मीटर जागा सोडून जा. लाथेचा पूर्ण जोर बसतो तो या दोन्हींच्या मधल्या अंतरावर.

चढवणं

अख्ख्या सकाळीत धोक्याची वेळ हीच. फेऱ्या मारताना होणाऱ्या गडबडीपेक्षा रॅम्पजवळच्या दोन मिनिटांत जास्त बिघडतं. म्हणून त्या वेळी मैदानातले बाकी घोडे उभे राहिलेले असावेत आणि एकच माणूस बोलत असावा.

व्हीलचेअरने चढायच्या रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे ७५ सेंटीमीटर उंचीच्या ओट्याला ९ मीटर लांबीचा रॅम्प. त्याहून चढा केला तर ढकलणारा वरपर्यंत धापा टाकत येतो आणि घोडा बिचकतो. घोडा ओट्याला घासून उभा करायचा. पलीकडे, उजव्या बाजूला, स्टुलावर किंवा दुसऱ्या छोट्या ओट्यावर एक साइड वॉकर हवाच. त्याचं काम स्वाराचा पलीकडचा पाय घेणं आणि घोड्याला बाहेर सरकू न देणं. रॅम्पवरचा अपघात बहुधा असा होतो: स्वार अर्धा खुर्चीत, अर्धा खोगिरात आणि घोडा हातभर बाजूला सरकला. मधे पोकळी तयार होते आणि माणूस तिच्यात जातो. हे टाळायला घोडा खेटून उभा आहे हे लीडरने तोंडाने सांगितल्याशिवाय कुणीही स्वाराला उचलायचं नाही. खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावलेत आणि पायपट्ट्या बाजूला केल्यात, हे दुसऱ्या माणसाने हात लावून तपासायचं.

तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, तीनदा तपासायचा: मैदानात आणण्याआधी, रॅम्पवर चढवण्याआधी आणि पाच मिनिटं चालून झाल्यावर. कसताना पुष्कळ घोडे पोट फुगवतात आणि चालायला लागले की तंग सैल पडतो. दोन बोटं जेमतेम आत जातील इतका हवा. रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) सुटणाऱ्या असाव्यात, म्हणजे बाहेरच्या बाजूला रबराची रिंग असलेल्या किंवा पुढून टोपी असलेल्या. साध्या लोखंडी रिकिबीत बूट अडकला तर पडलेला स्वार फरफटत जातो. चढल्यावर रॅम्पमधून घोडा सरळ बाहेर काढा, चार पावलांवर सपाटीला थांबवा आणि मग रिकिबींची लांबी लावा. रॅम्पवरच सगळं आटोपायच्या नादाला लागू नका.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. मोटरसायकलचं हेल्मेट दीड किलोपर्यंत जातं आणि कच्च्या मानेला ते पेलत नाही. सायकलचं हेल्मेट मागून कमी झाकतं. भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट. अंबाडा, मोठी क्लिप, गजरा काढायला लावा, नाहीतर हेल्मेट डोक्यावर बसत नाही, केसांवर बसतं. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बाद. श्रवणयंत्र लावणाऱ्याच्या कानावर हेल्मेट दाबलं गेलं की यंत्र शिट्टी मारायला लागतं. अशा वेळी यंत्र काढून खुणा ठरवून घ्याव्या लागतात, आणि त्या घोड्यावर बसण्याआधी ठरवाव्या लागतात.

घाईने उतरवणं

घोडा बिथरला, खोगीर फिरलं, स्वाराला फिट आली किंवा श्वास लागला, तर प्रशिक्षक ठरलेला शब्द उच्चारतो. त्या शब्दानंतर चर्चा नाही. दोघेही साइड वॉकर रिकिबीतून पाय काढतात. उतरवणाऱ्या बाजूचा, बहुधा डावीकडचा, स्वाराला कमरेभोवती दोन्ही हातांनी आवळून आपल्याकडे घेतो. पलीकडचा त्याचा पाय घोड्याच्या पाठीवरून सोडून देतो. लीडर स्वाराकडे धावत नाही. तो घोडा धरतो आणि स्वार सुटला की घोड्याचं मागचं अंग लांब वळवून नेतो. घोडा सोडून मदतीला धावणं ही लीडरकडून होणारी सगळ्यात वाईट चूक, कारण मग मैदानात एक मोकळा घोडा आणि इतर तीन स्वार उरतात. हा सराव स्वयंसेवकांनी एकमेकांना घोड्यावर बसवून करायचा. हलक्या माणसापासून सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी करा आणि दर महिन्याला करा. वाचून हे येत नाही.

फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. उतरवून कुशीवर झोपवा, हेल्मेटचा पट्टा सैल करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकीमागून दुसरी आली, तर १०८ ला फोन. शहरातल्या गटाने छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयापर्यंतचा रस्ता, आणि रविवारी कुठली फाटकं बंद असतात, हे आधीच बघून ठेवावं.

कोणाला कसं धरायचं

कोण घोड्यावर बसू शकतो हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतात. स्वयंसेवक नाही, पालकांचा आग्रहही नाही. तरी काही गोष्टी तुम्हाला माहीत असायला हव्यात, कारण बदल आधी तुमच्या डोळ्यांना दिसतो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. त्यांची मानेची तपासणी झाल्याशिवाय बसवत नाहीत. नेहमीच्या मुलाची मान अचानक वाकडी दिसली, चाल बदलली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्या दिवशी स्वारी नाही आणि लगेच डॉक्टर. पाठीच्या कण्याला ३० अंशांहून जास्त बाक, निखळलेला खुबा, ठिसूळ हाडं, आटोक्यात नसलेल्या फिट, न भरलेली जखम: या सगळ्यांना थांबवतात. कमरेखाली संवेदना नसलेल्या स्वाराला खोगीर बोचतंय हे कळतच नाही. उतरल्यावर बसायच्या जागेची कातडी घरच्यांनी बघावी. अर्ध्या तासात लाली गेली नाही तर पुढच्या वेळी जाड गादी हवी किंवा बैठक बदलायला हवी.

सेरेब्रल पाल्सीत बऱ्याचदा मांड्या एकमेकींकडे ओढलेल्या असतात. चढवताना पाय ओढून फाकवायचे नाहीत. त्यांना अरुंद पाठीचा घोडा द्यावा, शक्य तर खोगिराऐवजी गादी आणि मुठीचा पट्टा. घोड्याच्या अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश, आपल्यापेक्षा किंचित जास्त. ती ऊब आणि चालीची लय यांनी पाच-सात मिनिटांत पाय आपोआप खाली लोंबायला लागतात. अशा मुलाच्या मांडीवर थोपटू नका. थोपटण्याने स्नायू उलट आवळतात.

ऑटिझम असलेल्या स्वाराला बऱ्याचदा बोटांच्या हलक्या स्पर्शाचा त्रास होतो, भक्कम तळवा चालतो. शब्द कमी, मार्ग तोच, आणि संपायच्या आधी "अजून दोन फेऱ्या" असं सांगणं. न सांगता उतरवलं तर अख्खी सकाळ विसकटते. दृष्टिहीन स्वाराला चढण्याआधी घोडा कानापासून शेपटीपर्यंत हाताने बघू द्या, चालताना "तीन पावलांवर डावं वळण" असं आधी सांगा.

घोडा

कोल्हापुरात घोडा म्हटलं की वरातीचा घोडा डोळ्यांसमोर येतो. बँडला सरावलाय, गर्दीला घाबरत नाही, मग हाच घ्यावा असं वाटतं. पण त्याला नाचायला शिकवलेलं असतं. आवाज आला की तो पुढचे पाय उचलतो, जागेवर थयथयतो. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. शिवाय कडक लगामाने पुष्कळांचं तोंड दुखावलेलं असतं. आठ वर्षांवरचा, पाय साबूत असलेला, लांब आणि संथ पावलाचा, १३ ते १४ हात उंचीचा घोडा बघावा. एक हात म्हणजे चार इंच, म्हणजे साधारण १३२ ते १४२ सेंटीमीटर. याहून उंच असला तर साइड वॉकरचा हात वर नीट पोचत नाही. आपल्याकडचे भीमथडी तट्टू लहान मुलांना छान, पण मोठ्या माणसाला नाही. हिशेब सोपा आहे: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपलीकडे नको. तोल नसलेल्या स्वाराला १५ टक्के धरा. ३०० किलोच्या घोड्यावर १५ टक्क्यांनी ४५ किलो, त्यात खोगिराचे ८-१० किलो गेले की उरतात ३५. ७५ किलोच्या माणसाला २० टक्क्यांनीही सव्वाचारशे किलोचा घोडा लागतो. तसा नसेल तर टांगा हा चांगला मार्ग आहे. व्हीलचेअर चढेल असा उतार मागे लावला, लगामाची दुसरी जोडी शेजारच्या जाणत्याकडे दिली, की स्वार स्वतः हाकतो.

एका घोड्याला सकाळी अर्ध्या तासाच्या तीनपेक्षा जास्त पाळ्या नकोत. तो कंटाळल्याचं तोंडाने सांगत नाही. कान मागे पडतात, शेपूट माशी नसताना फटकारतो, ओठ आवळतो, तंग कसताना चावायला वळतो. हे मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) लगेच सांगा, त्याचं ज्ञान तुमच्या कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त आहे. आणि कोल्हापूरकरांना खास सांगायचं म्हणजे, गुळाचा खडा हातावर देऊ नका. दोन रविवारांत घोडा प्रत्येकाच्या हाताचा वास घ्यायला लागतो, मग चावायला, आणि ज्या मुलाला हात पटकन मागे घेता येत नाही त्याची बोटं सापडतात. द्यायचाच तर काम संपल्यावर, घमेल्यात, मोतद्दाराला विचारून.

कपडे, आवाज, पाऊस

पायात बंद बूट. कोल्हापुरी पायताण कितीही जाड असलं तरी खुराखाली बोटं उघडीच राहतात. ओढणी, लोंबते कानातले, खिशातली प्लॅस्टिकची पिशवी, वाजणारा मोबाईल बाहेर. छत्री मैदानाजवळ उघडायची नाही.

गाळप हंगामात मैदान रस्त्याला लागून असेल तर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून जातात. आवाज जवळ येतोय असं दिसलं की लीडरने घोडा थांबवून तोंड आवाजाकडे करावं. मागून येणाऱ्या आवाजाला घोडा पळतो, समोरून दिसणाऱ्याला बहुधा उभा राहून बघतो. गणपतीत आणि दिवाळीत वेळापत्रक बदलावंच लागतं. डॉल्बीच्या दणक्यात सरावलेला घोडासुद्धा कामाला घेऊ नये.

जून ते सप्टेंबर इथली माती घोड्याच्या पायाखाली साबण होते. छप्पर असलेलं मैदान नसेल तर स्वारी बंद, यावर तडजोड नको. त्या महिन्यांत काम संपत नाही. ओल्या जागेत उभं राहून खुराच्या मधल्या मऊ भागाला सड लागते, काळा घाण वासाचा पू येतो. रोज खूर खरवडून कोरडे ठेवले तरच ती टळते. चामड्याच्या सामानावर बुरशी धरते, ते पुसून, तेल लावून टांगायचं. दिव्यांग स्वारांनाही याच दिवसांत पागेत बोलवावं: बसून खरारा करणं, आयाळ विंचरणं, घमेली भरणं. ज्यांना घोड्याची भीती वाटते त्यांची भीती बहुधा इथेच जाते.

जाण्याआधी

तासाभराच्या वर्गासाठी अडीच तास धरा. उन्हाळ्यात साडेसहाला पोचायचं, कारण साडेनऊनंतर घोड्यालाही आणि स्वारालाही ऊन सोसत नाही. येणार नसाल तर शनिवारी संध्याकाळीच कळवा. एक साइड वॉकर कमी म्हणजे एक स्वार त्या दिवशी खालीच राहतो, आणि तो आठवडाभर वाट बघून, कदाचित इचलकरंजीहून रिक्षा करून आलेला असतो.

पहिल्या दिवशी गटाला चार गोष्टी विचारा: प्रत्येक स्वाराचा डॉक्टरांच्या सहीचा कागद आहे का, घोडेस्वारीची हेल्मेट आहेत का, घाईने उतरवण्याचा सराव शेवटचा कधी झाला, आणि घोड्यांची ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी व धनुर्वाताची लस झाली आहे का. ग्लँडर्स माणसालाही होतो, म्हणून तो प्रश्न विचारताना संकोच नको. उत्तरं मिळाली तर पहिले दोन-तीन रविवार नुसते बघा, मग एका बाजूला अनुभवी माणूस असताना दुसऱ्या बाजूला साइड वॉकर म्हणून लागा. लीडरची दोरी किमान सहा महिने मागू नका. आणि या चारांपैकी एकाचंही उत्तर टाळलं गेलं, तर ते कागद आणि सामान जमवायला गटाला मदत करा, पण तोवर स्वाराशेजारी चालायला उभे राहू नका.